आप्तसाक्ष

प्रभावती काळमेघ आपल्या मुलीशी समोरासमोर शेवटचं बोलल्या, ते अकोल्यातल्या एका दवाखान्याच्या व्हरांड्यात. त्यांचे पती देविदासराव आत नुकतेच वारले होते. मेंदूत रक्तस्राव झाला होता. श्वासाच्या यंत्रावर ठेवायचं का, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा जवळ फक्त मुलगी, शर्वरी, होती आणि ती नको म्हणाली होती. प्रभावतीबाई घरून कपडे घेऊन परत येईपर्यंत सगळं संपलं होतं.

"तू मारलंस त्यांना," त्या मुलीला म्हणाल्या.

तेरवी आटोपून शर्वरी नैरोबीला परत गेली. तिथल्या एका बियाणे-संशोधन संस्थेत ती नोकरीला होती. त्यानंतर दोघींपैकी कोणीच फोन केला नाही. पहिलं वर्ष रागात गेलं. पुढची वर्षं नुसतीच गेली, कारण इतकं अंतर पडल्यावर सुरुवात कोणी करायची आणि कशी, हे दोघींनाही कळेना.

म्हणून देविदासरावांच्या पुण्यतिथीला संध्याकाळी अनोळखी नंबरवरून "आई, फोन करू का?" एवढाच निरोप आला, तेव्हा प्रभावतीबाईंनी तो चार वेळा वाचला आणि मग "कर" एवढंच लिहिलं.

त्या भोळ्या नव्हत्या. सगळी नोकरी त्यांनी टेलिफोन खात्यात काढली होती. सुरुवातीची वर्षं तर ट्रंक एक्स्चेंजवर, कानाला हेडफोन लावून. "हॅलो" म्हणायच्या ढंगावरून माणूस कोण ते त्या सांगत, आणि याचा त्यांना अभिमान होता. त्यांच्या ओळखीच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांना खोट्या पोलिसांनी व्हिडिओ कॉलवर घरातच डांबून ठेवलं होतं, 'डिजिटल अटक' म्हणून. ती हकिगत ऐकल्यापासून त्यांनी एक खूणगाठ बांधली होती. जो भीती घालतो, घाई करतो, ओटीपी मागतो, तो चोर.

या मुलीनं त्यातलं काहीच केलं नाही. पडद्यावर चेहरा आला तो शर्वरीचाच. थोडी थकलेली, केस तसेच मागे बांधलेले. आवाज तिचा. बोलायच्या आधी घशातल्या घशात हलकंसं खाकरायची सवयही तिचीच.

"कशी आहेस वं आई?" ती म्हणाली, आणि प्रभावतीबाई रडायला लागल्या.

त्यानंतर रोज संध्याकाळी फोन येऊ लागला. जुना नंबर बंद झाला, संस्थेनं तो परत घेतला, आता लावू नकोस, असं तिनं सांगितलं आणि त्यात शंका घेण्यासारखं काही नव्हतं. ती आईच्या गुडघ्यांची चौकशी करायची. देवपूजा झाली का, दुपारी झोपलीस का, डॉक्टरांनी बदललेली गोळी मानवली का, सगळं विचारायची. कधी म्हणायची, माझ्या लहानपणीचं काही सांग ना. मग प्रभावतीबाई सांगत बसायच्या. कृषी विद्यापीठाच्या वसाहतीतलं घर, सायकलवरून पडून फुटलेली हनुवटी, नैरोबीला निघायच्या दिवशी केलेला पातोडीचा रस्सा. सांगता सांगता चहा निवून जायचा. एकदा शर्वरीनं आपण होऊन दवाखान्याचा विषय काढला. माझं चुकलं, ती म्हणाली. तुला न विचारता मी तो निर्णय घ्यायला नको होता.

त्या रात्री कित्येक वर्षांनी प्रभावतीबाईंना शांत झोप लागली.

पावसाळा गेला, हिवाळा गेला. या सगळ्या महिन्यांत मुलीनं आईकडे काहीही मागितलं नाही.

मागितलं ते एप्रिलमध्ये, आणि तेही पैसे नव्हते.

बसमधून आपला फोन चोरीला गेला, ती म्हणाली, आणि कोणा बाईनं आपली ओळखच पळवली आहे. खाती, नोकरीचा दाखला, पासपोर्टची नोंद, सगळं त्या बाईच्या हातात आहे. आता एकच मार्ग उरलाय, आप्तसाक्ष.

आप्तसाक्षीची पद्धत त्या काळात नवीन होती. अंगठ्याचा ठसा उचलता येतो, चेहरा आणि आवाज बनवता येतो, ओटीपी वाटेत पकडता येतो, हे सिद्ध होऊन बरीच वर्षं झाली होती. माणूस खरा कोण हे ठरवायला यंत्राजवळ काही उरलंच नाही, तेव्हा सरकारनं माणसाकडेच परत जायचं ठरवलं. ज्याची ओळख चोरीला गेली त्याला रक्ताच्या नातेवाइकानं ओळख केंद्राच्या अधिकाऱ्यासमोर पडद्यावर पाहायचं, त्याच्याशी बोलायचं आणि सांगायचं, हे माझंच माणूस. पहिल्या साक्षीनंतर जुनी ओळख गोठायची. थोड्या दिवसांनी दुसरी साक्ष झाली, की ती कायमची रद्द होऊन नवीन द्यायची. यंत्र फसेल, पण आई कशी फसेल, असा त्यामागचा विचार होता.

प्रभावतीबाईंनी पहिली साक्ष दिली. अधिकाऱ्यानं विचारलं, या तुमच्या कन्या का? त्या ठामपणे म्हणाल्या, हो, माझी शर्वरी. पलीकडे शर्वरीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आई, आता एक लक्षात ठेव," ती नंतर म्हणाली. "ती बाई तुला फोन करील. माझ्याच आवाजात. तुझ्यावर ओरडेल, घाबरवेल. तिचं काही ऐकू नकोस. कोणाजवळ बोलूही नकोस, म्हणजे तिला सुगावा लागणार नाही."

फोन दुसऱ्याच दिवशी सकाळी आला. परदेशी नंबर, चित्र नाही, नुसता आवाज. घोगरा, धापा टाकणारा.

"आई, तू काय केलंस?"

सांगितलं होतं अगदी तसंच घडत होतं.

"कोण बोलतंय?"

"कोण म्हणजे? मी शर्वरी. सहकाऱ्याच्या फोनवरून बोलतेय, माझा चालत नाही. आज संस्थेचं दार उघडलं नाही मला. बँक म्हणते, या नावाची बाई दुसरी आहे. दुसरी साक्ष झाली ना, तर माझा इथं राहायचा परवाना जाईल, आत टाकतील मला हे लोक. केंद्रवाले सांगतात, तुझ्या आईनं साक्ष दिली. माझ्या आईनं! कोणाला बघून दिलीस तू साक्ष?"

"माझ्या मुलीला बघून," त्या म्हणाल्या आणि फोन बंद केला.

तो पुन्हा वाजला. पुन्हा. चौथ्यांदा की पाचव्यांदा त्यांनी उचलला, कारण त्यांना एक युक्ती सुचली होती. नैरोबीला निघालीस त्या दिवशी मी काय केलं होतं जेवायला, त्यांनी विचारलं.

घोगरा आवाज म्हणाला, "आठवत नाही गं. वरण-भात असेल. आई, हे काय विचारत बसलीस?"

संध्याकाळी नेहमीच्या फोनवर तोच प्रश्न त्यांनी त्या शर्वरीलाही विचारला. पातोडीचा रस्सा, ती लगेच म्हणाली, आणि तिखट जास्त झालं म्हणून बाबा तुला चिडवत होते. तिनं विचारलं, ती बाई फोन करून राहिली का? प्रभावतीबाई हो म्हणाल्या. शर्वरीचा चेहरा कळवळला. घाबरू नकोस, गुरुवारी दुपारी दुसरी साक्ष झाली की सुटलो आपण, असं ती म्हणाली.

परीक्षा झाली होती, निकाल लागला होता. तरी प्रभावतीबाईंना जेवण गेलं नाही.

बुधवारी सकाळी तो परदेशी नंबर पुन्हा आला. या वेळी आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता.

"मला उत्तरं येत नाहीत, माहीत आहे," ती म्हणाली. "तुला आवडेल असं काही माझ्याजवळ नाही. एकच गोष्ट आहे, ती मी कधी सांगणार नव्हते. बाबांना पहिला झटका येऊन गेला होता ना, हात जड झाला होता तेव्हा? त्यानंतर मी त्यांना डॉक्टर लढ्ढांकडे घेऊन गेले होते. तिथं बाबा म्हणाले, पुन्हा झालं तर मला यंत्राला बांधून ठेवू नका. माझ्याकडून कबूल करून घेतलं. डॉक्टरांच्या समोर. आणि म्हणाले, प्रभाला सांगू नका, तिला झेपणार नाही."

प्रभावतीबाईंनी फोन कानापासून दूर धरला. त्यांना संताप आला. मेलेल्या माणसाच्या तोंडी काहीही घालावं, इतक्या खालच्या थराला ही बाई गेली होती. त्या उठल्या, फोन बंद करून पालथा ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन भाजी चिरायला बसल्या. चिरताना बोट कापलं.

संध्याकाळी त्यांनी आपल्या शर्वरीला विचारलं. सहज विचारल्यासारखं, पण शब्द तोलून.

"बाबांनी तुला कधी काही सांगितलं होतं का गं? आजारपणाबद्दल?"

"नाही आई," शर्वरी म्हणाली. तिचे डोळे भरून आले. "कोणी सांगितलं नव्हतं. ती माझीच चूक. तू होतीस ना, तुला विचारायला हवं होतं मी. मला माफ केलंस ना तू?"

इतकी वर्षं ऐकायची इच्छा होती तेच वाक्य. शब्द न् शब्द तसाच. ते ऐकून नेहमीसारखं हलकं वाटायला हवं होतं. पण या वेळी प्रभावतीबाईंना पहिल्यांदाच कसंतरी झालं. ही मुलगी लहानपणापासून कधी इतक्या सहज माफी मागत नव्हती. शिक्षा झाली तरी ओठ घट्ट मिटून कोपऱ्यात उभी राहायची. वय वाढलं की माणूस बदलतो, असं त्यांनी मनाला समजावलं. पण मग दोघींतली एक खोटं बोलते आहे, आणि ते खोटं कोणतं हे सांगू शकणारा एक जिवंत माणूस याच गावात आहे, हा विचार काही केल्या जाईना.

गुरुवारी ऊन तापायच्या आधीच त्या निघाल्या. फोन मुद्दाम घरी ठेवला. दाराला कुलूप लावताना आत तो वाजायला लागला. कोणत्या शर्वरीचा होता कोण जाणे. त्या थांबल्या नाहीत.

देविदासरावांचे जुने मित्र डॉक्टर लढ्ढा आता प्रॅक्टिस करत नव्हते. जठारपेठेतल्या घरी खालच्या खोलीत पेपर वाचत बसले होते. प्रभावतीबाईंना असं अचानक आलेलं पाहून ते उठून उभे राहिले, वहिनी, रिक्षानं आलात की काय, असं म्हणत पाणी मागवलं. प्रभावतीबाईंनी पाण्याला हात लावला नाही. त्यांनी उभ्यानंच विचारलं.

डॉक्टरांनी हातातला पेपर घडी करून बाजूला ठेवला.

"मी शब्द दिला होता देविदासला," ते म्हणाले.

"म्हणजे खरं आहे."

"खरं आहे, वहिनी. मुलगी तेव्हा नाही म्हणत होती. रडत होती. मला नका सांगू, आईला सांगा, असं म्हणाली. त्यानं ऐकलं नाही. तिचा हात धरून वदवून घेतलं."

प्रभावतीबाई खाली बसल्या. दोन्ही गोष्टी एकदमच त्यांच्या अंगावर आल्या होत्या. आपल्या नवऱ्यानं मरणाची गोष्ट आपल्याला सोडून मुलीला सांगितली, ही एक. आणि त्या परक्या, घोगऱ्या आवाजाची बाई आपली मुलगी आहे, ही दुसरी. मग रोज संध्याकाळी चहाला सोबत करणारी, गुडघ्यांची चौकशी करणारी ती कोण होती?

डॉक्टरांनी स्वतः त्यांना सायबर पोलीस ठाण्यात नेलं. तिथल्या फौजदार आफरीन शेख यांनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही त्या हसल्या नाहीत, की असं कसं फसलात म्हणून विचारलं नाही. फोनवर एखादं ॲप घेतलं होतं का, एवढंच विचारलं. प्रभावतीबाईंना आठवलं. देविदासरावांचे जुने, अस्पष्ट व्हिडिओ साफ करून आवाज स्पष्ट करून देणारं एक ॲप त्यांनी घेतलं होतं. त्यानं जी जी परवानगी मागितली ती त्यांनी देऊन टाकली होती. नवऱ्याचा आवाज एकदा ऐकायचा होता, बस.

तिथूनच सगळं गेलं, आफरीन म्हणाल्या. शर्वरीचे जुने निरोप, कॉल, फोटो, घरातले कार्यक्रम. कोणाचा आवाज उचलायला काही सेकंदांचं बोलणं पुरतं, चेहऱ्याला दोन-चार व्हिडिओ, ही आता जुनी गोष्ट झाली. नवीन आहे ते पुढचं. यंत्र त्या माणसाचं सगळं लिहिणं-बोलणं वाचून तो कुठे थांबतो, कशावर चिडतो, लाडात आला की कोणता शब्द वापरतो, ते शिकतं. तेवढ्यानं ओळख पटते. त्यानंतर ते समोरच्या माणसाकडून शिकायला लागतं; पातोडीच्या रश्श्याचं उत्तरही तुम्हीच त्याला आधी सांगून बसला होतात. तुमच्या फोनचा कॅमेरा तुमचा चेहरा त्याला दाखवत असतो. कोणत्या वाक्याला तुमचा चेहरा खुलला, कुठे पडला, याची ते रोज नोंद ठेवतं. ज्यानं खुलला ते ठेवतं, बाकीचं टाकून देतं. काही महिन्यांनी समोर उरते ती तुमची मुलगी नसते. तुमची इच्छा असते, मुलीच्या चेहऱ्याची.

"म्हणजे ती कोणी बाई नव्हतीच?" प्रभावतीबाईंनी विचारलं.

"कोणीच नव्हतं, काकू. तुमच्याशी बोलत होतं तेव्हाच ते आणखी हजार घरांत बोलत असेल. माणूस अगदी शेवटी येतो. सगळं तयार झाल्यावर."

जुन्या नंबरवर एकदा लावून बघितलं असतं तर, असं आफरीन बोलता बोलता म्हणून गेल्या आणि लगेच गप्प झाल्या. प्रभावतीबाईंनी मान खाली घातली. तो नंबर त्यांना पाठ होता. राग म्हणून इतकी वर्षं लावला नव्हता, आणि लावायची गरज संपली असं वाटलं तेव्हा तो बंद आहे हे त्यांनी आनंदानं मान्य केलं होतं.

दुपारची साक्ष रद्द करून टाका, मी पडद्यासमोर बसतच नाही, असं त्या म्हणाल्या. आफरीननी नकारार्थी मान हलवली. तुम्ही बसला नाहीत, तर तुमच्या जागी बसायला त्यांच्याकडे दुसरी प्रभावती काळमेघ तयार असेल. इतके महिने त्यांनी एकट्या शर्वरीला थोडंच घडवलं असेल? तुमचाही आवाज, चेहरा, बोलणं रोज त्यांच्याकडे जात होतं. ती पहिली साक्ष रद्द व्हायची तर अधिकाऱ्यासमोर तुम्हीच नाही म्हणायला हवं. इथे, माझ्यासमोर बसून. केंद्राला मी कळवून ठेवते, की खऱ्या बाई पोलीस ठाण्यातून बोलताहेत.

एक हवालदार जाऊन घरून फोन घेऊन आला. ठरलेल्या वेळी पडदा उजळला. एका चौकटीत ओळख केंद्राचा अधिकारी होता, दुसरीत शर्वरी. हसतमुख, केस मागे बांधलेले.

"आई, जेवलीस का?" ती म्हणाली. "सकाळपासून फोन नाही उचललास. काळजी वाटली मला."

प्रभावतीबाईंनी ओठ आवळले. सगळं कळलं होतं, तरी तो चेहरा तोच होता. त्याच हनुवटीवर तीच खूण. आपण रोज जिची वाट पाहिली तिला आपण आता नाही म्हणणार आहोत, असं काहीतरी त्यांच्या आतून वर येत होतं आणि ते थांबवता येत नव्हतं.

अधिकाऱ्यानं नेहमीचा मजकूर वाचून दाखवला. मग विचारलं, समोर दिसतात त्या आपल्या कन्या शर्वरी देविदास काळमेघ आहेत काय?

अधिकाऱ्यानं प्रश्न पुन्हा विचारला.

"आई, असं काय करतेस?" शर्वरी म्हणाली. आवाज कापत होता. "त्या बाईनं काही सांगितलं का तुला? आई, माझ्याकडे बघ. पुन्हा टाकून देणार का मला? एकदा दिलंस तसं?"

प्रभावतीबाईंचा हात आपोआप पडद्याकडे गेला. आफरीन त्यांच्या शेजारी होत्या, पण त्यांनी हात धरला नाही.

"नाही," प्रभावतीबाई म्हणाल्या. मग अधिकाऱ्याच्या चौकटीकडे बघत त्यांनी पुन्हा सांगितलं. "ही माझी मुलगी नाही. माझी मुलगी नैरोबीत आहे आणि तिला मी ओळखलं नाही. पहिली साक्ष चुकीची होती. ती मी मागे घेते."

क्षणभर पडद्यावरचा चेहरा तसाच राहिला, डोळ्यांत पाणी घेऊन. मग त्या चेहऱ्यावरचं काहीतरी गेलं. डोळे तेच, ओठ तेच, पण ते हलायला लागले तेव्हा बोलणारा दुसराच कोणीतरी होता.

"बुढिया," शर्वरीच्या आवाजात तो हिंदीत म्हणाला, "तुझं घर माहीत आहे आम्हाला. एकटी राहतेस. दुपारी झोपतेस. गोळ्या कोणत्या घेतेस तेही माहीत आहे."

प्रभावतीबाईंनी जन्मभर फोनवर शिव्या ऐकल्या होत्या, धमक्या ऐकल्या होत्या. पण आपल्या लेकीच्या तोंडून, तिच्याच आवाजात एक परका माणूस बोलतो आहे, असं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. तरी त्यांनी नजर हटवली नाही. आफरीन शेजारच्या खोलीतल्या सहकाऱ्यांना खुणा करत होत्या. इतक्या महिन्यांत पलीकडे पहिल्यांदाच माणूस आला होता, आणि माणूस कुठूनतरी बोलत असतो. त्याला बोलतं ठेवा, असं आफरीननी एका कागदाच्या तुकड्यावर लिहून पुढे केलं.

"गोळी पुन्हा बदलली माझी," प्रभावतीबाई म्हणाल्या. "तुला माहीत नसेल."

तो आणखी बोलला. त्या ऐकत राहिल्या, मध्ये मध्ये एखादा शब्द टाकत राहिल्या, एक्स्चेंजवर लाइन तुटू नये म्हणून टाकत असत तसा. मग पडदा काळा झाला.

त्या कॉलवरून पुढे एका दूरच्या शहरातल्या गोदामापर्यंत पोलीस पोचले. तिथे काही मुलं सापडली. त्यांतल्या निम्म्यांना चांगल्या नोकरीचं सांगून तिथं आणून कोंडलं होतं. यंत्र कुठे होतं ते कळलं नाही. ते अजूनही कुठेतरी कोणाला तरी जेवलीस का म्हणून विचारत असेल, असं आफरीन म्हणाल्या.

शर्वरीची ओळख परत मिळाली, पण एकदम नाही. दार उघडलं, मग खातं, शेवटी परवाना. त्या काळात दोघी फोनवर बोलल्या ते कामापुरतंच. हा कागद पाठव, ते केंद्राला कळव. प्रभावतीबाई तिचा जुनाच नंबर लावायच्या आणि पलीकडून तो घोगरा आवाज आला, की त्यांना दर वेळी थोडं दचकायला व्हायचं. रोज संध्याकाळी चहाच्या वेळी घर फार शांत वाटायचं. हे मात्र त्यांनी कोणाला सांगितलं नाही.

मे संपता संपता शर्वरी अकोल्याला आली. केस बारीक कापलेले, बरेचसे पांढरे. डोळ्यांना जाड चष्मा. घशाचं काहीतरी ऑपरेशन झालं होतं मधल्या वर्षांत, त्यातून आवाज बसला तो बसलाच, असं तिनं तुटकपणे सांगितलं. मला कळवलं नाहीस, प्रभावतीबाई म्हणाल्या. कसं कळवणार होते, शर्वरी म्हणाली. एवढ्यावरच विषय थांबला. पहिले काही दिवस दोघी एकमेकींच्या वाटेतून बाजूला होत घरात वावरत राहिल्या. कूलरचा आवाज होता म्हणून बोलण्यावाचून भागत होतं.

एका दुपारी जेवणं झाल्यावर ताटं तशीच असताना शर्वरीनं विचारलं.

"ती बरी होती का गं? माझ्यापेक्षा?"

प्रभावतीबाईंना खोटं बोलता आलं असतं.

"हो," त्या म्हणाल्या. "रोज फोन करायची. माझं सगळं ऐकून घ्यायची. कधी उलटून बोलली नाही."

शर्वरीनं मान हलवली. ताटातल्या भाताच्या शितांशी बोटानं खेळत राहिली.

"तिनं माफी मागितली माझी," प्रभावतीबाई पुढे म्हणाल्या. "तुझ्या वतीनं. आणि मी ती घेतली. माफी मी मागायला हवी होती आणि मी घेऊन बसले."

"आई, जाऊ दे."

"जाऊ कसं देऊ? तुझ्या तोंडावर म्हटलं होतं मी ते. दवाखान्यात. इतकी वर्षं तू ते घेऊन फिरलीस आणि एका शब्दानं सांगितलं नाहीस."

"बाबांना कबूल केलं होतं."

ज्या प्रश्नानं प्रभावतीबाईंना डॉक्टरांच्या घरापासून आजपर्यंत सोडलं नव्हतं, तो त्यांनी आता विचारला.

"मला का नाही सांगितलं गं त्यांनी?"

शर्वरीनं वर पाहिलं. आईला काय आवडेल, काय खुपेल, याचा हिशोब तिच्या चेहऱ्यावर दिसत होता. मग तो गेला.

"कारण तू हो म्हणाली नसतीस," ती म्हणाली.

प्रभावतीबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी पदरानं ते पुसले.

"नसते म्हणाले," त्या म्हणाल्या. "खरं आहे. नळी घाला म्हटलं असतं मी, आणि पडले असते ते महिनोन् महिने."

त्यांनी शर्वरीचं ताट आपल्याकडे ओढून घेतलं, दोन्ही ताटं एकावर एक ठेवली, पण उठल्या नाहीत.

"त्या दिवशी डॉक्टरांकडे ते काय काय म्हणाले, ते मला सांग," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून. मला लागेल म्हणून काही गाळू नकोस."

शर्वरीनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग त्या बसलेल्या आवाजात तिनं सांगायला सुरुवात केली, आणि पहिलंच वाक्य ऐकायला जड होतं.